लीडर किती पौंडांचा?

दोरी विकत घ्यायची ती तुटावी म्हणून, हे मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी कळलं आणि मी डेलच्या दुकानातल्या स्टुलावर मटकन बसलो.

डेल आमच्या ऑल्डर बेंड गावात गळ, काठ्या, रबरी विजारी आणि सल्ले विकतो. यातल्या सल्ल्याचे तो पैसे घेत नाही, आणि त्यामुळेच तो थांबत नाही. मी त्याला एवढंच म्हणालो होतो, की नदीतला स्टीलहेड मासा पकडायला तुझ्याकडची सगळ्यात मजबूत दोरी दे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी औषधाच्या दुकानात जाऊन सगळ्यात मोठी गोळी मागितली होती.

"एमेट, दोरी एक नसते, दोन असतात," तो म्हणाला. "चाकावर गुंडाळतोस ती मुख्य दोरी. तिच्या टोकाला दोन हात लांबीची दुसरी, बारीक. तिला गळ बांधायचा. ती बारीक दोरी म्हणजे लीडर. लीडर नेहमी मुख्य दोरीपेक्षा कमजोर पाहिजे."

"का?"

"तुटायला."

मी स्टुलावर बसलो तो या क्षणी.

"अरे, तळाशी ओंडके आहेत. गळ अडकणार. अडकला की काहीतरी तुटणारच. लीडर तुटला तर एक गळ जातो. मुख्य दोरी तुटली तर पाण्यावर तरंगणारा बोंडा, शिसं, लीडर, गळ, सगळं वाहून जातं. वर चारचौघांत अब्रू जाते ती वेगळीच."

अडतीस वर्षं मी या गावचा ग्रंथपाल होतो. मासेमारीची बेचाळीस पुस्तकं मी स्वतःच्या हाताने लोकांना दिली आणि परत घेतली. त्यातली बरीचशी ओली होऊन परत यायची. पण एकही उघडून वाचण्याची मला कधी गरज वाटली नव्हती, कारण मासा आमच्या घरात गुन्नर आणायचा.

गुन्नर म्हणजे माझी बायको आर्डिस हिचा थोरला भाऊ. त्याची बायको वारल्यापासून तो आमच्याच मागच्या खोलीत राहतो. दर फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या मिल रोडच्या सभागृहात हिवाळ्याचं जेवण असतं, आणि त्या जेवणाचा मासा आणण्याचा मान एकतीस वर्षं आमच्या घराकडे आहे. नियम साधा आहे. त्याच दिवशी, आमच्याच नदीत, घरातल्याच माणसाच्या गळाला काहीतरी लागलं पाहिजे. नाही लागलं तर मान पुढच्या घराकडे जातो. पुढचं घर व्हर्जिल टकरचं. व्हर्जिल एकतीस वर्षं वाट पाहतो आहे आणि दर वर्षी जेवताना गुन्नरच्या तब्येतीची फार आपुलकीने चौकशी करतो.

यंदा गुन्नरचा खुबा बदलला. डॉक्टरांनी त्याला नदीवर जायला सहा आठवडे मनाई केली. गुन्नरने डॉक्टरांसमोर मान डोलावली. घरी आला, भिंतीकडे तोंड करून झोपला आणि दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी आर्डिस मला म्हणाली, "एमेट, तू जा."

"मी?"

"घरात दुसरं कोण आहे?"

मी घरभर नजर फिरवली. खरोखरच दुसरं कोणी नव्हतं. शनिवारला नऊ दिवस होते.

आता प्रश्न फक्त लीडर किती पौंडांचा हा उरला होता. निदान मला तसं वाटलं. दोरी किती वजन पेलते ते पौंडांत छापलेलं असतं, तेव्हा कुणातरी जाणत्याला आकडा विचारायचा आणि तो आणायचा. मी आमच्या रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्या मिसेस ड्रमहेलरना विचारलं. त्या शाळेत गणित शिकवायच्या आणि आता सभागृहाची नोंदवही सांभाळतात. चुकीचा आकडा त्यांच्यासमोर उच्चारायलासुद्धा लोक घाबरतात.

"सहा," त्या म्हणाल्या.

"सहाच?"

"पाणी काचेसारखं स्वच्छ आहे, मिस्टर लिंडग्रेन. माशाला डोळे असतात. दोरखंड दिसला तर तो तुमच्या गळाला तोंड लावेल का? तुम्ही लावाल?"

मी नाही म्हणालो. घरी येताना कुंपणापाशी व्हर्जिल उभा होता. तो जन्मभर जंगलात लाकूडतोडीवर होता. त्याच्या हाताच्या पंजात माझं डोकं मावेल.

"काय म्हणाली ती म्हातारी? सहा ना?" तो म्हणाला. "सहा पौंडांची दोरी विणकामाला घे. पंधरा बांध, पंधरा! स्टीलहेड म्हणजे काय तळ्यातला मासा वाटला का तुला? समुद्रात दोन-तीन वर्षं काढून, दांडगा होऊन परत आलेला असतो तो. सहाला तो हसेल."

मान जाणार तो व्हर्जिलकडे, आणि सल्ला देणार तोही व्हर्जिलच. हा सल्ला घ्यावा की याच्या उलट करावं, या विचाराने मला रात्री झोप लागली नाही. शेवटी मी गुन्नरच्या खोलीत गेलो. भिंतीकडे तोंड करूनच तो म्हणाला, "आठ."

"पण व्हर्जिल म्हणतो..."

"आठ. माझा बाप आठच बांधायचा."

मला कुणालाच दुखावता येत नाही. हा स्वभावदोष आहे, मला मान्य आहे. मी सहा, आठ आणि पंधरा अशी तिन्ही रिळं आणली. त्या संध्याकाळी पाऊस झाला आणि नदी गढूळ झाली. मिसेस ड्रमहेलरनी फोन करून सांगितलं, की पाण्याचा रंग बदलला, आता दहाही चालतील. मी दहा आणायला निघालो तोवर पाणी निवळलं आणि त्यांनी दहा मागे घेतले. पुढचे चार दिवस नदी आणि त्या आळीपाळीने मत बदलत होत्या. मी प्रत्येक सल्ला एकेका कार्डावर लिहून तारीखवार लावत गेलो. सदतीस कार्डं झाली आणि त्यात नऊ वेगवेगळे आकडे निघाले. माझ्या ग्रंथालयात एका प्रश्नाला नऊ उत्तरं मिळाली असती तर मी राजीनामा दिला असता.

शेवटी ठरवलं, की लोकांचं ऐकणं पुरे, आपण प्रयोग करू. स्वयंपाकघरात छताला आर्डिसची वेलीची कुंडी टांगायचा आकडा आहे. कुंडी काढली, दहा पौंडांची दोरी डेलकडून उसनी आणली होती ती आकड्याला बांधली, खाली कापडी पिशवी, आणि पिशवीत विश्वकोशाचा एकेक खंड. एक खंड साधारण चार पौंडांचा. म्हणजे हिशेबाने दोन खंड सहज पेलायला हवेत.

दुसरा खंड ठेवताक्षणी दोरी तुटली आणि पिशवी शेगडीवरच्या सूपच्या भांड्यात पडली. मी हादरलो. आठ पौंडांत दहा पौंडांची दोरी? छापलेला आकडा खोटा असू शकतो ही कल्पनाच मला सहन होईना. छापलेल्या गोष्टींवर विश्वास ठेवून मी आयुष्य काढलं आहे.

"थुंकी लावलीस का?" मागच्या खोलीतून गुन्नर ओरडला. चार दिवसांत तो पहिल्यांदाच आपणहून बोलला होता.

"कशाला?"

"गाठीला! आवळण्याआधी गाठ ओली करायची असते. कोरडी आवळलीस तर दोरी घासून करपते. दोरी नाही तुटत, गाठ तुटते. तिकडे एवढी पुस्तकं दिलीस ना लोकांना?"

मग तीन दिवस मी फक्त गाठी बांधल्या. जेवणाच्या टेबलावर, टीव्हीसमोर, बुधवारच्या प्रार्थनेला चर्चमध्ये मागच्या बाकावर. पाच वेढे, टोक वळवून आत, थुंकी, हळू आवळ. शंभराच्या वर बांधल्या. आणि सांगायला संकोच वाटतो, पण मला ते जमलं. माझी बोटं पुस्तकांचे फाटके कणे शिवून शिवून तयार झालेली असावीत. गुरुवारी मी पंधराच्या दोरीला पुन्हा विश्वकोश टांगला. दोन खंड, तीन खंड. दोरी तुटली नाही, गाठ तुटली नाही. चौथ्या खंडाला छताचा आकडाच प्लास्टरसकट खाली आला.

आर्डिसने वर पडलेलं भोक पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चला, गाठ तरी पक्की बसते."

मधल्या काळात परवान्याचं वेगळंच झालं होतं. परवान्याबरोबर एक कार्ड मिळतं. मासा घरी न्यायचा ठरवला की तिथल्या तिथे, शाईने, तारीख आणि नदी त्यावर लिहायची. उशीर केला तर गुन्हा. मला वाटलं, थंडीत बोटं गारठतील, अक्षर बिघडेल, गुन्हा होईल. म्हणून मी आदल्या बुधवारीच घरी बसून शनिवारची तारीख घालून कार्ड सुवाच्य अक्षरात भरून ठेवलं. भरून झाल्यावर मला घाम फुटला. सरकारी कागदावर मी न पकडलेला मासा पकडल्याचं लिहून दिलं होतं!

मी तसाच परवान्याच्या खिडकीवर गेलो. तिथल्या बाईंनी कार्ड दोनदा वाचलं.

"हा मासा कुठे आहे?"

"नदीत," मी म्हणालो. "बहुधा."

"तुम्ही तो शनिवारी पकडलात?"

"शनिवारी पकडणार आहे."

"आज बुधवार आहे."

"हो."

त्यांनी आतल्या साहेबांना बोलावलं. कार्ड हरवलं तर एक अर्ज होता, भिजलं तर दुसरा. मासा आधी लिहिला आणि नंतर पकडायचा राहिला, यासाठी अर्ज नव्हता. असा कबुलीजबाब साहेबांनी कधी ऐकला नसावा. अखेर त्यांनी ती ओळ खोडून बाजूला सही केली. मागे रांगेत उभे असलेले सातजण हे सगळं ऐकत होते.

शनिवारी सकाळी मी गुन्नरची काठी घेऊन नदीवर गेलो. गुन्नरने ती काठी आजवर कुणाला हात लावू दिली नव्हती. दारातून निघताना तो वॉकरवर उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मासा नाही आला तरी चालेल. काठी सोडू नकोस." खरं तर पहिलं वाक्य त्याला चालणार नव्हतं. त्याचा चेहराच सांगत होता.

मोठ्या डोहाच्या काठावर चौदाजण आधीच ओळीने उभे होते, आणि त्यांत वरच्या अंगाला माझी जागा राखून ठेवली होती. ओळीत व्हर्जिल होता, डेल होता, रबरी विजारीत मिसेस ड्रमहेलरही होत्या. मी गढूळपणा पाहून आठचा लीडर बांधला. पहिल्याच फेकीत गळ ओंडक्यात अडकला आणि लीडर तुटला.

"बघ, तुटला," डेल कौतुकाने म्हणाला. "तुटायलाच असतो."

दुसरा तुटला. तिसरा तुटला. सहाचे चार गेले, पंधराचेही चार गेले. दुपारी एकपर्यंत अकरा लीडर, अकरा गळ नदीच्या तळाला जमा झाले. बारावा बांधायला वाकलो, तर छातीच्या खिशातून तिन्ही रिळं एकामागोमाग एक पाण्यात पडली आणि शिस्तीत, आकड्यांच्या क्रमाने, खाली वाहत गेली.

माझ्याकडे आता उरली होती ती फक्त चाकावरची विणलेली मुख्य दोरी, तीस पौंडांची. आणि काळोख पडायला अवघे चार तास.

पुढे मी जे केलं ते लिहायलाही लाज वाटते. मी इकडेतिकडे पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. मुख्य दोरीचाच दोन हात तुकडा कापला आणि तोच लीडर म्हणून बांधला. तीसला तीस. पाच वेढे, टोक आत, थुंकी, हळू आवळ. आयुष्यात इतकी सुंदर गाठ मी बांधली नव्हती.

फेकली. बोंडा तरंगत थोडा पुढे गेला आणि दोरी ताठ झाली. काठी वाकली. चाक कर्रकर्र ओरडायला लागलं. पावसाने चष्म्याची दोन्ही भिंगं पांढरी झाली होती, त्यामुळे मला काही दिसत नव्हतं, पण पलीकडे काहीतरी प्रचंड, शांत आणि अजिबात न थांबणारं होतं.

"लागला!" मी ओरडलो.

आमच्याकडे ही हाक आली की बाकीच्यांनी आपापल्या दोऱ्या गुंडाळून वाट द्यायची असते. चौदाजणांनी घाईघाईने दोऱ्या गुंडाळल्या. आज गुन्नर पोटभर जेवेल, हे मनात आलं. मग कुणीतरी बाईमाणूस अगदी जवळून ओरडलं:

"ओ आजोबा! ती माझी होडी आहे!"

मी बाहीने एक भिंग पुसलं. समोरून रोंडाची होडी प्रवाहाबरोबर निघाली होती. रोंडा शहरातून आलेल्या गिऱ्हाइकांना मासेमारीला नेते. होडीत दोन गिऱ्हाइकं होती, आ वासून माझ्याकडे पाहत, आणि होडीच्या मागच्या नांगराच्या दोरात माझा गळ रुतला होता.

आता लीडर तुटायला हवा होता. जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसाचा तुटला असता. माझ्या चाकावरची दोरी संपली, एक हिसका बसला, आणि मी चालायला लागलो. मग पळायला लागलो. मग गोट्यांवर पाय घसरला आणि मी गुडघाभर पाण्यात बसल्या बसल्या निघालो.

"काठी सोडा, आजोबा!" रोंडा वल्ही उलटी मारत ओरडली.

"सोडता येत नाही!" मी ओरडलो. "मेहुण्याची आहे!"

मी सगळ्या ओळीसमोरून गेलो. माझ्या वयाच्या माणसाने बसून, दोन्ही हातांत काठी धरून, पाणी उडवत गावासमोरून जावं, हे दृश्य मला स्वतःला दिसलं नाही याबद्दल मी देवाचा आभारी आहे. मिसेस ड्रमहेलरांसमोरून जाताना त्या म्हणाल्या, "सहा म्हटलं होतं मी!" डेल म्हणाला, "चाक ढिलं कर!" व्हर्जिलने मात्र पाण्यात चार ढांगा टाकल्या आणि माझी कॉलर धरायचा प्रयत्न केला. कॉलर त्याच्या हातात राहिली. मी पुढे गेलो.

खालच्या वाळूच्या पट्ट्यावर रोंडाने होडी काठाला लावली आणि सुरीने दोरी कापली. "होडीमागे मी माणूस पहिल्यांदाच ओढला," ती धापा टाकत म्हणाली. मग तिने माझ्या अंगावर घोंगडी टाकली. काठी माझ्या हातातून सोडवायला दोघं लागले.

संध्याकाळी सहाला कोरडे कपडे घालून मी रिकाम्या हाताने सभागृहात शिरलो. गुन्नर वॉकरसह कोपऱ्यात बसला होता. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं आणि मान फिरवली. मी लांबच्या टेबलाकडे गेलो आणि तिथे मला दिवसातला सगळ्यात मोठा धक्का बसला. टेबलावर डुकराच्या मांसाचे पाच मोठे भाजलेले हॅम होते. पाच घरांनी, एकमेकांना न सांगता, एकेक आणला होता. त्यातला एक आर्डिसचा होता.

"आर्डिस," मी हळूच विचारलं, "हा भट्टीत कधी घातलास?"

"दहाला," ती म्हणाली आणि टेबलक्लॉथ सारखा करायला लागली.

दहाला माझे फक्त दोन लीडर गेले होते! मला राग आला. मला राग येतो हे मला माहीत नव्हतं. मिसेस ड्रमहेलर नोंदवही उघडून बसल्या होत्या. व्हर्जिल उठून खाकरत होता. त्याने नवा कोट घातला होता.

"लिंडग्रेनांच्या घरातून यंदा काही आलं नाही," तो म्हणाला, "तेव्हा मला वाटतं..."

"आलं," मी म्हणालो. इतक्या लोकांसमोर मी कधी बोललो नव्हतो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "गळाला लागलं. एक होडी. तीन माणसांसह. जिवंत सोडून दिली."

कुणीतरी काटा खाली पाडला.

"होडी म्हणजे मासा नाही," व्हर्जिल म्हणाला.

मिसेस ड्रमहेलरनी मागची पानं चाळली. "बारा वर्षांपूर्वी गुन्नरने रानटी, म्हणजे पैदास केंद्रातला नसलेला मासा पकडून सरकारी नियमाप्रमाणे सोडून दिला. जेवायला कोंबडी होती. मान त्याच्याकडेच राहिला. आणि रकान्यावर लिहिलंय, 'काय लागलं'. मासाच असं लिहिलेलं नाही." त्यांनी पेन उचललं. "वजन?"

मला वजन माहीत नव्हतं.

"होडी चारशे," व्हर्जिल स्वतःशीच पुटपुटला. जन्मभर ओंडके नजरेने तोललेले, त्याला राहवेना. "रोंडा एकशेऐंशी. ती दोघं शहरी, जाड. वर सामान. हजार पौंड. कमीत कमी." आणि मग आपण काय बोलून बसलो हे ध्यानात येऊन तो मटकन खाली बसला.

"हजार," मिसेस ड्रमहेलरनी लिहिलं. "मुख्य दोरी?"

"तीस."

"लीडर?"

मी खोटं बोलू शकलो असतो.

"तीस."

होडीला कुणी एवढं दचकलं नव्हतं. मागच्या रांगेत एक म्हातारी "अगं बाई!" म्हणाली. डेलने डोळे मिटून घेतले. व्हर्जिल, ज्याचा मान मी नुकताच हिरावला होता, माझ्याकडे धडकी भरल्यासारखा पाहत होता. "तीसला तीस?" तो म्हणाला. "एमेट, अरे, तू मेला असतास!" गुन्नर वॉकर टेकत टेकत माझ्यापाशी आला. मला वाटलं, आता काठीबद्दल विचारेल. त्याने माझा खांदा धरला आणि अत्यंत खालच्या आवाजात म्हणाला, "आपल्या घरात? तीसला तीस?"

त्याचे डोळे ओले होते. कशाने, ते मी विचारलं नाही.

मिसेस ड्रमहेलरांचं पेन रकान्यावर थांबलं होतं. आर्डिस त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"बर्निस," ती म्हणाली, "होडी लिहा, हजार पौंड लिहा, पण लीडर तीस लिहू नका. पुढची माणसं वाचतील."

त्या बाईंनी चाळीस वर्षं मुलांचा अर्धा गुणसुद्धा कधी वाढवला नव्हता. त्यांनी एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि वळणदार अक्षरात लिहिलं: सहा.

अडतीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढली. नोंदवहीत उघड्या डोळ्यांनी खोटा आकडा लिहिलेला मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला. हॅम फार छान झाला होता. मी दुसरा तुकडा मागून घेतला.